बोळेमामांची कोरडी खुर्ची

बोळेमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माणूस आहे हे मला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागलं. बंदराच्या कचेरीत पत्रकं लिहायच्या नोकरीवर रुजू होऊन मला जेमतेम दोन तास झाले होते. नवा कोरा पांढरा शर्ट घालून मी धक्क्यावर उभा होतो आणि आता रोज फुकटात समुद्र बघायला मिळणार म्हणून स्वतःवर खूश होतो. एवढ्यात धक्क्याच्या लोखंडी शिडीवरून पाण्यातलं काहीतरी वर येऊ लागलं. आधी एक काळा हात आला. मग दुसरा काळा हात आला. मग एक काळं डोकं आलं. त्याला नाक, कान, केस यांपैकी काहीही नव्हतं. दोन पांढरे डोळे तेवढे होते आणि ते माझ्या शर्टावर खिळले होते. शेजारच्या खांबावर बसलेले तीन समुद्रपक्षी उडाले, ते त्या वर्षी परत आले नाहीत. मीही उडालो असतो, पण मागे सरकताना दोरखंडाच्या वेटोळ्यात पाय अडकला आणि मी मटकन खाली बसलो. पृथ्वीवरचे जीव मुळात समुद्रातून वर आले असं शाळेत शिकवलं होतं. ते काम अजून संपलेलं नाही आणि उरलेला माल नेमका आपल्या पाळीत वर यायचा होता, अशी माझी खात्री पटली. तो प्राणी पुरता वर आला, अंगावरून काळे ओघळ निथळवत माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं.

"साहेब," तो म्हणाला, "जरा उठता का? साबणाच्या डब्यावर बसलायत तुम्ही."

त्यानंतर सोळा वर्षं मी त्यांना पाहत होतो. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. ते नोकरीला लागले तेव्हा बंदरात सांडलेलं तेल टिपायला कचेरीकडून जुन्या कापडाचे बोळे मिळत. पुढे कापड जाऊन तेल शोषणारे पांढरे पॅड आले, पण मामा पॅडलाही बोळाच म्हणत राहिले. म्हणून बोळेमामा. मी पत्रकं लिहितो म्हणून त्यांनी मला 'पत्रके' करून टाकलं. बंदरातल्या कुठल्याही माणसाचं मामांनी ठेवलेलं नाव बदलत नसे.

बंदरात तेल सांडतं म्हटलं की लोकांना फुटलेलं भलंमोठं जहाज आठवतं. तसं क्वचितच होतं. रोजचं तेल असं सांडतं: जहाजात इंधन भरताना कुणीतरी डुलकी घेतो आणि टाकी वरून वाहते. नळीचा जोड सुटतो. मासेमारीच्या होडीतलं तळाशी साचलेलं घाण पाणी कुणीतरी हळूच बाहेर ओततो आणि मग आकाशाकडे बघत उभा राहतो. असं झालं की मामा आणि त्यांची चार माणसं सपाट तळाच्या होडीतून निघायची. आधी तेलाभोवती बूम टाकायची. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारी लांबलचक नारिंगी नळी, तिच्याखाली झालर लोंबते, आणि तेल बाहेर जाऊ नये म्हणून तिचं कुंपण घालतात. मग आतलं तेल बादल्यांनी उपसायचं, उरलेलं बोळ्यांनी टिपायचं, खांबांना लागलेलं खरवडायचं. हे सगळं गुडघ्यांवर बसून, होडीच्या काठावरून पाण्यात अर्धं लोंबकळत.

या कामाचं मामांचं एकच शास्त्र होतं. "पत्रके, पहिला तास आपला, दुसरा समुद्राचा, तिसरा वकिलांचा." तेल दिसलं की टिपायचं, कसलीही वाट बघायची नाही. थांबलं की ते धक्क्याखालच्या खांबांत शिरतं, दगडांना चिकटतं, आणि मग पाचाचं काम पन्नासाचं होतं. त्यांच्या टोळीत तेल पडलेलं असताना चहा घेणं हे आईला उलट बोलण्याइतकं वाईट समजलं जाई.

हे शास्त्र त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरीही सुटका नव्हती. जेवताना भाजीवर तेलाचा तवंग दिसला की मामा पावाचा तुकडा घेऊन कडेकडेने तो टिपून काढत आणि तुकडा ताटाबाहेर ठेवत. "मी भाजी करते की अपघात करते?" असं मामी विचारत. रस्त्यातल्या डबक्यात कुणाच्या गाडीचं तेल गळून सप्तरंगी झालेलं दिसलं, तर मामा खिशातला वर्तमानपत्राचा कागद काढून तिथे उकिडवे बसत. एकदा तर पावसानंतर आकाशात इंद्रधनुष्य उमटलं आणि सगळे कौतुकाने वर बघत होते, तेव्हा मामा म्हणाले, "कुणाचं सांडलंय?"

पण गंमत सांगत बसलो तर मामा होते त्याहून ताजेतवाने वाटतील. माझ्या ओळखीच्या सोळा वर्षांत ते ताजेतवाने कधीच नव्हते. एकतीस वर्षं पाण्यावर लोंबकळून त्यांचे गुडघे दाराच्या बिजागरीसारखे वाजत. तळहातांची साल निघे, पुन्हा येई, पुन्हा निघे. सकाळी बोटांची मूठ वळायला पंधरा मिनिटं लागत, म्हणून ते पंधरा मिनिटं लवकर उठत. घरी गेल्यावर मोरीजवळच्या स्टुलावर ते बसत आणि आंघोळीला उठायचं म्हणून अर्धा तास बसूनच राहत. मामी बादलीत गरम पाणी ओतून ठेवत, ते निवे, पुन्हा तापवत.

"उठताय की पाण्याला परत समुद्रात सोडू?" मामी म्हणत.

"उठतो," मामा म्हणत, आणि बसत.

डॉक्टरांनी शेवटी स्पष्टच सांगितलं. आता उकिडवं बसणं बंद, ओलं राहणं बंद, नाहीतर निवृत्तीनंतर जिना चढता येणार नाही. मामा तिसऱ्या मजल्यावर राहायचे. निवृत्तीला चौदा महिने होते. बंदरात त्यांना देण्याजोगं बसून करायचं काम नव्हतं, आणि रजा किती दिवस काढणार?

नेमका तेव्हाच जावई आला.

जावई म्हणजे यंत्र. जेवणाच्या टेबलाएवढं, पिवळं, पाण्यावर आपणहून फिरणारं. त्याच्या पोटाखाली एक विशिष्ट दिवा होता, त्या उजेडात तेल चमके आणि पाणी काळं राही. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा तवंगही त्याला दिसे. पुढे स्पंजाचा पट्टा फिरायचा. तो स्पंज तेल पिई आणि पाण्याला शिवत नसे. मग आतले रूळ तो पिळून काढत आणि तेल टाकीत जाई. वरून एक छोटं ड्रोन घिरट्या घालून त्याला वाट दाखवी. हे सगळं चालवायला एक माणूस पुरे, आणि तो माणूस किनाऱ्यावरच्या केबिनमध्ये, पडद्यासमोर, खुर्चीवर बसलेला. यंत्राला रोज गोड्या पाण्याने आंघोळ लागे, उन्हात ठेवायचं नसे, जवळ मोठ्याने हातोडा मारायचा नसे, आणि बिघडलं तर त्याला कुणी काही बोलायचं नसे. पहिल्याच दिवशी मामांनी त्याला 'जावई' म्हटलं आणि प्रश्न मिटला. यंत्र घेऊन आलेली कंपनीची इंजिनिअर चाळिशीची, चष्मा लावणारी बाई होती. तिला मामा ताई म्हणत. तिच्या कागदपत्रांवर यंत्राचं नाव आठ अक्षरं आणि तीन आकड्यांचं होतं, पण पंधरा दिवसांत तीही फोनवर "आज जावयाचं चार्जिंग झालं का?" असं विचारू लागली.

बंदराच्या साहेबांनी मामांना बोलावून सांगितलं, "यंत्र मंजूर झालं तर केबिनमध्ये तुम्हीच बसायचं. तेल कुठे जातं हे तुमच्याइतकं कुणाला कळतं? निवृत्तीपर्यंत तुम्ही, आणि त्यानंतर दोन वर्षं कंत्राटावर. तशी टिप्पणी मी लिहून ठेवलीय." टोळीतले बाकीचे चौघेही होडीवरून सुटून देखभालीला येणार होते. म्हणजे कुणाच्याच पोटावर पाय नव्हता, मामांच्या गुडघ्यांवरचा तेवढा निघणार होता.

मामांनी आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. वाचायचा चष्मा केला. पहिल्या दिवशी त्यांनी जावयाला धक्क्यावर आपटवलं, दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच होडीच्या मागे लावलं, पण पाचव्या दिवशी ताई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "यंत्र तेल शोधायच्या आधी हे शोधतात हो. पडद्यावर चमकायच्या आत वळवलेलं असतं." घरी मामींनी उशीला नवा अभ्रा शिवला, केबिनमधल्या खुर्चीसाठी. मामा त्या काळात दोनदा हसलेले मी पाहिले.

आता मंजुरीची भानगड. चाचणीसाठी मुद्दाम तेल सांडायला कायद्याने बंदी. म्हणजे खरंखुरं तेल सांडेपर्यंत थांबायचं, ते किमान दोन पिंपं तरी हवं, आणि ते तिघांच्या समितीसमोर यंत्राने गोळा करायचं. समिती दुसऱ्या गावाहून यायची, तिला एक रात्र तरी लागणार. थोडक्यात, सांडलेलं तेल पाहुणे येईपर्यंत झाकून ठेवायचं होतं.

महिन्याभराने एका दुपारी तीन नंबरच्या गोदीत एका मालवाहू जहाजाची टाकी भरताना वरून वाहिली. जवळपास चार पिंपं. वारा नव्हता, तेल कोपऱ्यात जाडसर साचलं. साहेब स्वतः धावत आले. इतकं तेल बघून इतका खूश झालेला अधिकारी मी दुसरा पाहिला नाही.

"बूम टाका," साहेब म्हणाले, "दुहेरी टाका. आणि मामा, आता हात लावायचा नाही. उद्या दहाला समिती. तोवर हे तेल जसंच्या तसं पाहिजे."

"नाही लावत," मामा म्हणाले.

"शपथ?"

"साहेब, मला काय हौस आहे?"

सकाळी पत्रक लिहायचं म्हणून मी साडेनऊला वही घेऊन गोदीत पोचलो. ताईने जावयाला नवा रंग दिल्यासारखा पुसून ठेवला होता. समितीचे तिघे धक्क्यावर टोप्या घालून उभे होते. साहेब पाण्याकडे बघत होते. मीही पाण्याकडे बघितलं. तीन नंबरच्या गोदीचं पाणी इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं. तळाशी पडलेली कुणाची तरी चप्पल दिसत होती. होडीत काळ्या बोळ्यांच्या सोळा पिशव्या गच्च बांधून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये मामा बसले होते, डोक्यापासून पायापर्यंत काळे.

झालं ते मला नंतर भोंग्याने सांगितलं. भोंगा म्हणजे टोळीतला मामांचा जुना जोडीदार. तो कुजबुजला तरी पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जाई. पहाटे पाचला ओहोटी लागणार हे मामांना माहीत होतं. ओहोटीत पाणी बाहेर ओढलं जातं आणि तेल बूमच्या झालरीखालून सटकतं. म्हणून ते उजाडताना फक्त बघायला गेले. बघितलं तर खरंच एक पट्टा बाहेर निसटत होता. तो तर टिपायलाच हवा होता. तो काही चाचणीतला नव्हता. तो टिपताना कळलं की आतल्या अंगाला बूम सैल झालीय. तिथलं थोडं काढलं, म्हणजे पुन्हा निसटायला नको. मग कोपऱ्यातल्या दोन खांबांना लागायला लागलं होतं, ते तेवढं. भोंगा साडेसहाला आला, त्याने मामांना वाकलेलं पाहिलं, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने काही न विचारता दुसरी बादली उचलली. बाकीचे तिघे आले, त्यांनी दोघांना पाहिलं आणि तेही बसले. पाचांपैकी एकाच्याही तोंडून 'अरे, आज नाही' निघालं नाही. आठ वाजता भोंग्याने शेवटचा बोळा पिळला, कपाळ पुसलं, आणि मग त्याला आठवलं.

"मामा," तो म्हणाला, "हे ठेवायचं होतं."

मामांनी एक पिशवी हाताने चाचपून पाहिली म्हणे. मग म्हणाले, "पिशवीतलं परत ओतता येईल का रे?"

"मुद्दाम ओतायला बंदी आहे."

"हो. तेही आहेच."

धक्क्यावर ताई होडीच्या वर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, पण बसला होता.

"मामा, काय केलंत हे?"

"साफ केलं."

"का?"

"तेल होतं, ताई."

"तुम्हाला सांगितलं होतं ना हात लावायचा नाही?"

"मी लावणारच नव्हतो," मामा म्हणाले. त्यांना खरोखर समजावून सांगायचं होतं, पण त्यांच्याजवळ याहून जास्त काही नव्हतं. "सुरू कधी झालं ते कळलं नाही."

समितीतल्या एकाने विचारलं की पाच माणसं हाताने तीन तासांत इतकं स्वच्छ करत असतील तर यंत्र कशासाठी हवं आहे? साहेबांनी डोळे मिटले. मामा उठून उत्तर द्यायला गेले, पण गुडघे लागलीच उघडले नाहीत, आणि ते उभे राहीपर्यंत समिती चहाला गेली होती. अहवालात एकच ओळ आली: चाचणीसाठी तेल उपलब्ध नव्हतं.

त्या दिवशी घरी मामींनी काय म्हटलं ते मला माहीत आहे, कारण मामांना तिसऱ्या मजल्यापर्यंत सोडायला मी गेलो होतो. मामींनी सगळं ऐकून घेतलं, बादलीत पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "निदान तीन नंबरला तरी कुणी नावं ठेवणार नाही." मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिल्या. भांडी घासलेलीच होती.

त्यानंतर आमच्या बंदरात एक विचित्र ऋतू सुरू झाला. सगळे जण तेल सांडायची वाट बघू लागले. पण त्या मालवाहू जहाजाला इतका दंड बसला होता की कप्तान लोक टाकी भरताना लहान मुलाला औषध पाजावं तसं थेंब थेंब पाजू लागले. सांडायचं ते वाटीभर. समितीला दोन पिंपं हवीत. वाटीसाठी ती गावची वेस ओलांडणार नव्हती. वाटीभर तेल मात्र रोज कुठे ना कुठे असायचंच, आणि ते टिपायला मामाच. जावई शेडमध्ये गोड्या पाण्याने आंघोळ करून बसलेला, आणि सासरा खांबाखाली उकिडवा. भोंगा म्हणे, "मामा, तुम्ही जरा नजर लावा बघू एखाद्या जहाजाला." मामा म्हणत, "माझी नजर पुसायची आहे, सांडायची नाही." ते हसण्यावारी बोलत नव्हते. त्या वर्षात त्यांनी हसणंच सोडलं. शिडी चढताना दोन पायऱ्यांनंतर थांबत, आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघत असू.

निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या जहाजाच्या कुशीला आमची होडी लागली होती. मी सोबत होतो, कचेरीला फोटो हवे होते. जहाज इंधन भरत होतं. वरच्या कठड्याच्या फटीतून नळीचा जोड दिसत होता आणि जोडातून बोटभर धार खालच्या लोखंडी परातीत पडत होती. अशी गळती झेलायलाच ती परात असते. ती काठोकाठ भरत आली होती, आणि पहाऱ्यावरचा खलाशी पाठमोरा, कानाला फोन लावून हसत होता. परात वाहिली की तेल सरळ आमच्या शेजारी पाण्यात. आणि पंप थांबवायला त्यांना जितकी मिनिटं लागली असती तेवढ्यात दोन पिंपं सहज. उद्या दुपारी समिती. परवा मंजुरी.

भोंग्याने पाहिलं. मी पाहिलं. मामांनी तर आमच्या आधी पाहिलं होतं. मी मनातल्या मनात त्या परातीला पुढे ढकलत होतो, हे कबूल करायला हवं. मामा हाताची साल काढत बसले होते. त्यांनी एकदा परातीकडे बघितलं, एकदा आपल्या गुडघ्यांकडे, आणि खूप दमलेल्या माणसाला कुणी झोपेतून हाक मारावी तसे ते उठले. होडीतला लोखंडी आकडा उचलला आणि जहाजाच्या अंगावर धाडधाड मारला.

"ए दादा," ते वर बघून ओरडले, "पंप बंद कर. परात भरली तुझी."

खलाशी धावला. पंप थांबला. परातीच्या काठावर एक थेंब लोंबत राहिला आणि पडलाच नाही.

होडी धक्क्याकडे निघाल्यावर भोंगा म्हणाला, आणि या वेळी खरोखर हळू आवाजात म्हणाला, "मामा, पाच मिनिटं गप्प बसला असतात तर?"

"बसलो होतो की," मामा म्हणाले. "दोन तरी मिनिटं बसलो होतो."

"मग?"

"मग काय. दिसतंय आणि बसलोय, असं जमेना. खुर्चीवर तरी काय करणार होतो रे मी? हेच ना?" मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "पण बसून केलं असतं. ते बरं झालं असतं."

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण ठेवलं होतं, चार वाजता. साडेतीनला मासेमारीच्या धक्क्यावर कुणीतरी होडीचा तळ उपसला, म्हणून सत्कारमूर्ती सव्वापाचला आले, आणि साहेबांना हार त्यांच्या गळ्याऐवजी हातात द्यावा लागला. ताईने त्यांच्यासाठी शब्द टाकून पाहिला होता. पण यंत्र मंजूर नाही तर केबिन नाही, केबिन नाही तर कंत्राट कशाचं, असं वरून उत्तर आलं.

समितीला हवं तेवढं तेल त्यानंतर पाच महिन्यांनी सांडलं आणि यंत्र मंजूर झालं. केबिनमधल्या जागेची जाहिरात निघाली. तिच्यात वयाची अट पस्तीस होती.